चोर हुशार आणि फसलेला बावळट? चार्ल्स शोभराजची गोष्ट, दुसऱ्या बाजूनं

(नेहमीप्रमाणे हा ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळ आणि मध्येच लाईट गेल्यावरची बडबड काढून टाकलीय. बाकी सगळं तसंच आहे.)

धाराशिवहून मी बोलतोय. दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी आणि रात्री जेवणं झाल्यावर हा माईक, हे तुम्हाला माहीतच आहे.

गेले कित्येक महिने तुमची एक फर्माईश येतीय: हिऱ्या-माणकांच्या एखाद्या अट्टल चोरावर भाग करा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'इन्स्पेक्टर झेंडे' हा सिनेमा आला, तेव्हापासून तर थेट नावच सांगायला लागलात. चार्ल्स शोभराज. खरं सांगू का, मी टाळत होतो. माहिती भरपूर होती, पण नेमकं बोलायचं काय ते सापडत नव्हतं. सगळीकडं तीच गोष्ट. किती देखणा, किती भाषा यायच्या, किती तुरुंग फोडले. मग आमच्या घरात एक प्रकार घडला आणि या माणसाची गोष्ट मला वेगळीच दिसायला लागली. म्हणून आधी घरचं सांगतो.

आत्याची बोरमाळ

माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त आहे. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी, भर दुपारी, ती स्टँडवरून घराकडं चालत येत होती. मोटारसायकलवर दोघं आले. बारीक केस, पायात तपकिरी बूट. एकानं खिशातलं कार्ड दाखवल्यासारखं केलं. "मावशी, आम्ही पोलीस. पुढं आत्ताच चोरी झालीय. साहेबांचा आदेश आहे, दागिने अंगावर ठेवू नका."

आत्यानं लगेच काही काढलं नाही. तेवढ्यात तिथून एक माणूस चालला होता, त्याला त्यांनी अडवलं. त्यानं मुकाट्यानं गळ्यातली चेन काढली, त्यांनी ती कागदात बांधून त्याच्या हातात दिली, तो गेला. तो तिसरा माणूस त्यांचाच होता, हे आपल्याला आत्ता कळतंय. रस्त्यावर उभं असताना कळत नाही. आत्यानं बोरमाळ आणि दोन पाटल्या काढून दिल्या. त्यांनी पुडी बांधून तिच्या पिशवीत ठेवली. घरी येऊन उघडली तर आत खडे.

आता पुढचं ऐका. आत्यानं चार दिवस कुणालाच सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सांगितलं तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस एकच वाक्य बोललं. त्यात मीही होतो. मी म्हणालो, "आत्या, तू एवढी शिकलेली, तुला कळलं कसं नाही गं?"

ती काहीच बोलली नाही. नंतर आम्ही तक्रार द्यायला गेलो. वाटेवरच्या एका दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडं होता. दुकानदारानं बिचाऱ्यानं लगेच दाखवायची तयारी केली, पण त्याच्या मशीनची डिस्क लहान. तीन दिवसांचंच रेकॉर्डिंग राहतं, त्यावर पुढचं चढतं. आत्याची दुपार पुसली गेली होती. एक दिवस उशीर झाला होता फक्त.

तर, कोण हा शोभराज?

जन्म ६ एप्रिल १९४४, सायगावचा. आई व्हिएतनामी, वडील सिंधी व्यापारी. आईवडील एकत्र राहिले नाहीत. आईनं पुढं एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि पोरगा कधी आशियात, कधी फ्रान्समध्ये असा वाढला. १९६३ मध्ये घरफोडीसाठी पहिली शिक्षा झाली, पॅरिसजवळच्या प्वासी तुरुंगात. बाहेर आल्यावर एका चांगल्या घरातल्या मुलीशी लग्न केलं आणि १९७० मध्ये फ्रान्समधल्या पोलिसांना चुकवून बायकोसह आशियात पळाला. येऊन राहिला कुठं, तर आपल्या मुंबईत. त्याची मुलगी मुंबईतच जन्मली. धंदा होता चोरीच्या परदेशी गाड्या आणून श्रीमंतांना विकायचा, आणि जे मिळेल ते जुगारात घालवायचा.

१९७१ मध्ये त्यानं दिल्लीच्या अशोका हॉटेलमधल्या जवाहिऱ्याच्या दुकानावर डाव टाकला. दुकानाच्या वरची खोली गाठली, तिथं राहणाऱ्या नर्तिकेला डांबून ठेवलं आणि फरशीला भोक पाडून खाली उतरायचा प्रयत्न केला. भोक काही पडलं नाही. मग दुसऱ्या मार्गानं माल काढला, पण विमानतळावर तो टाकून पळ काढावा लागला. म्हणजे बघा, ज्याला आपण 'मास्टरमाइंड' म्हणतो त्याची सगळ्यात गाजलेली जवाहिरांची चोरी ही अशी फसलेली आहे.

तिथून तो मुंबईत आला, आणि त्याच वर्षी ताज हॉटेलबाहेर त्याला मुंबई पोलिसांच्या एका तरुण अधिकाऱ्यानं पकडलं. नाव मधुकर झेंडे. हे नाव लक्षात ठेवा, पंधरा वर्षांनी परत येणार आहे.

दिल्लीच्या कोठडीत त्यानं पोटदुखीचं सोंग घेतलं, हॉस्पिटलमध्ये गेला आणि तिथून पळाला. पुन्हा सापडला, जामिनावर सुटला, काबूलला गेला. तिथं परत तुरुंग आणि परत आजारपणाचं सोंग करून पलायन. आजाराचा हा धागा धरून ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आजारी पाडायचं आणि औषध द्यायचं

१९७५ मध्ये तो बँकॉकला स्थिरावला. कानित हाउस नावाच्या इमारतीत फ्लॅट, नाव सांगायचा आलँ गोतिये, धंदा सांगायचा रत्नांचा. सोबत मारी-आंद्रे लक्लेर ही कॅनडाची तरुणी आणि अजय चौधरी नावाचा भारतीय साथीदार. तो काळ हिप्पींचा. युरोप-अमेरिकेतली पोरं पाठीवर पिशवी टाकून काठमांडू, गोवा, बँकॉक अशी फिरायची. खिशात ट्रॅव्हलर्स चेक आणि पासपोर्ट.

पद्धत साधी होती. ओळख काढायची. स्वस्तात नीलम, माणिक मिळवून देतो म्हणायचं. घरी जेवायला, राहायला बोलवायचं. मग जेवणात किंवा पेयात काहीतरी मिसळायचं. पाहुणा जुलाब-उलट्यांनी आडवा. परका देश, अंगात ताकद नाही. मग हाच माणूस उशाशी बसून 'औषध' द्यायचा, जे आजार वाढवायचं. पासपोर्ट आणि पैसे 'सुरक्षित राहावेत' म्हणून स्वतःच्या कपाटात. एक फ्रेंच तरुण असा कित्येक आठवडे त्या फ्लॅटमध्ये आजारी पडून होता आणि शोभराजला देवमाणूस समजत होता.

आमच्या धंद्यात याला सोशल इंजिनिअरिंग म्हणतात. कुलूप फोडायचं नाही, किल्ली ज्याच्याकडं आहे त्यालाच ती द्यायला लावायची. त्यासाठी आधी संकट निर्माण करायचं आणि मग आपणच मदतीला धावायचं. "तुमचं खातं बंद होणार आहे, मी मदत करतो" हा फोन तुम्हाला आला असेल. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग सापडलंय, मी वाचवतो" हाही आला असेल. आणि "पुढं चोरी झालीय, दागिने द्या, बांधून देतो" हे आत्याच्या बाबतीत झालं. पन्नास वर्षांत यंत्रं बदलली. युक्ती तीच आहे.

फरक एवढा की आत्याची बोरमाळ गेली. बँकॉकमध्ये जीव गेले. पासपोर्टवर फोटो बदलून त्या माणसाच्या नावानं फिरायचं, तर मूळ माणूस तक्रार करायला उरता कामा नये, असा तो हिशोब होता. एकूण खून किती, याचा आकडा ठाम नाही. निदान बारा तरी त्याच्याशी जोडले जातात.

ज्यांची नावं कुणी घेत नाही

टेरेसा नोल्टन. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलची, वय २१. बौद्ध धर्म शिकायला नेपाळला निघाली होती. ऑक्टोबर १९७५ मध्ये थायलंडच्या किनाऱ्यावर तिचा मृतदेह मिळाला, अंगावर पोहण्याचे कपडे. पोहताना बुडाली असं धरून चाललं. तो खून होता हे कळायला काही महिने गेले.

हेंक बिंतान्या आणि कॉकी हेम्कर. नेदरलँड्सचं जोडपं. हाँगकाँगमध्ये या 'रत्नांच्या व्यापाऱ्याशी' ओळख झाली, अंगठी घेतली, निमंत्रणावरून बँकॉकला आले. डिसेंबर १९७५ मध्ये त्यांना मारून जाळलं गेलं. सुरुवातीला ते प्रेत वेगळ्याच ऑस्ट्रेलियन जोडप्याचे मानले गेले. आणि त्याच महिन्यात शोभराज आणि लक्लेर या मेलेल्या जोडप्याचे पासपोर्ट घेऊन नेपाळमध्ये शिरले. तिथं कॉनी जो ब्रॉन्झिच ही अमेरिकन तरुणी आणि लॉराँ कॅरिएर हा कॅनडाचा तरुण मारले गेले.

एवढी माणसं एकापाठोपाठ गायब होतात आणि कुठंच घंटा वाजत नाही, असं का झालं? एक कारण उघड आहे. तेव्हा देशोदेशीच्या पोलिसांच्या नोंदी एकमेकांना जोडलेल्या नव्हत्या. प्रत्येक सीमेवर नवं नाव, नवी फाईल. पण दुसरं कारण जास्त खुपणारं आहे. ही पोरं 'हिप्पी' होती. गांजा ओढत असतील, भटकत असतील, घरी पत्र लिहीत नसतील. मेली असतील तर स्वतःच्या करणीनं. असं ठरवलं की शोधायची जबाबदारी संपते. शोभराजचं मोठं संरक्षण त्याच्या हुशारीइतकंच या तिरस्कारात होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग तो सापडला कसा?

इथं मला गंमत दिसली. जिथं जिथं तो अडकला, तिथं कुणीतरी फसलेल्यांचं म्हणणं वेळेत ऐकून घेतलं होतं, किंवा कागद जपून ठेवला होता.

पहिला माणूस हर्मन क्निपेनबर्ग. बँकॉकच्या डच वकिलातीतला तिशीतला कनिष्ठ अधिकारी. १९७६ च्या सुरुवातीला त्याच्याकडं एक पत्र आलं: आमच्या दोन माणसांचा पत्ता लागत नाही. हे पत्र फाईलला लावून मोकळं होता आलं असतं. त्यानं तसं केलं नाही. जळालेल्या प्रेतांच्या दातांची नोंद नेदरलँड्समधल्या नोंदींशी ताडून बघायला लावली आणि ओळख पटली. शोभराजच्या शेजाऱ्यांना भेटून त्यांचं ऐकून घेतलं. मार्चमध्ये थाई पोलिसांनी फ्लॅटवर छापाही घातला, पण शोभराजनं अमेरिकन असल्याची बतावणी केली आणि सुटला. क्निपेनबर्गनं मात्र सगळी कागदपत्रं जपून ठेवली.

दुसरी माणसं म्हणजे दिल्लीतले फ्रेंच विद्यार्थी. जुलै १९७६, विक्रम हॉटेल. शोभराजनं मोठ्या गटाला पोटाचं औषध म्हणून गोळ्या दिल्या. माप चुकलं. पोरं खोलीत जाऊन झोपण्याऐवजी सगळ्यांसमोरच कोसळायला लागली. जी शुद्धीवर होती त्यांनी एकमेकांकडं पाहिलं, याच्या गोळ्यांनीच हे झालं हे ओळखलं आणि त्याला तिथंच धरलं. आधीचे सगळे एकेकटे होते. इथं फसलेली माणसं एका खोलीत होती आणि लगेच बोलली. संपला खेळ. त्याला एकूण १२ वर्षांची शिक्षा झाली आणि तो तिहारमध्ये गेला.

तिहारमध्ये तो मजेत होता. अधिकाऱ्यांना खूश ठेवायचा, मुलाखती द्यायचा. १६ मार्च १९८६ ला वाढदिवसाची मिठाई म्हणून गुंगीचं औषध घातलेली मिठाई पहारेकऱ्यांना वाटली आणि निघून गेला. शिक्षा संपत आली असताना पळाला कशाला? थायलंडचं वॉरंट वीस वर्षांचं होतं. सुटला की तिकडं पाठवणी आणि तिथं मृत्युदंडाची भीती. पळून पुन्हा सापडलं की भारतातली शिक्षा वाढते आणि वॉरंटची मुदत तुरुंगातच संपते. पुढं झालंही तसंच.

तिसरा माणूस झेंडे. १९७१ मध्ये पाहिलेला चेहरा त्यांनी डोक्यात ठेवला होता. मुंबई पोलिसांची तुकडी घेऊन ते गोव्यात गेले, पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलमध्ये दबा धरून बसले. ६ एप्रिल १९८६ च्या रात्री शोभराज आला, डोक्यावर टोपी. त्याचाच बेचाळिसावा वाढदिवस. झेंड्यांनी नावानं हाक मारून त्याला मिठीच मारली. जवळ बेड्या नव्हत्या, हॉटेलमधून दोर मागून बांधला आणि गाडीतून मुंबईला आणला.

१९९७ मध्ये तो सुटला आणि फ्रान्सला गेला. मुलाखतीचे पैसे घ्यायचा. २००३ मध्ये काय बुद्धी झाली देव जाणे, काठमांडूला गेला. तिथल्या एका पत्रकारानं ओळखलं आणि कॅसिनोत अटक झाली. १९७५ ची प्रकरणं उघडली गेली. हॉटेलच्या नोंदींवरचं हस्ताक्षर, क्निपेनबर्गनं इतकी वर्षं सांभाळलेली कागदपत्रं, हे सगळं कामी आलं. २००४ मध्ये कॉनीच्या खुनासाठी जन्मठेप आणि २०१४ मध्ये लॉराँच्या खुनासाठीही शिक्षा. २०२२ च्या २३ डिसेंबरला, वयाच्या ७८ व्या वर्षी, नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं तो सुटला आणि त्याला फ्रान्सला पाठवलं. थायलंडमधल्या खुनांचा खटला कधी चाललाच नाही. टेरेसा, हेंक, कॉकी यांच्या घरच्यांना न्यायालयाचा निकाल मिळाला नाही.

आणि पर्वरीच्या त्या हॉटेलात पुढं पुतळा बसवला. झेंड्यांचा नाही, शोभराजचा. टेबलाशी बसलेला. लोक शेजारी बसून फोटो काढायचे.

आपण कुठं चुकतो

आमच्या कंपनीत सर्व्हर बंद पडला, कुणी चुकीच्या लिंकवर क्लिक केलं, की नंतर मीटिंग होते. तिला ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम म्हणतात. नियम एकच, 'कुणाची चूक' हा प्रश्न विचारायचा नाही. काय घडलं, कधी घडलं, पुढच्या वेळी काय बदलायचं, एवढंच. हा काही चांगुलपणा नाही, व्यवहार आहे. माणसाला शिव्या बसणार असतील तर तो चूक लपवतो, आणि लपवलेला प्रत्येक तास चोराच्या कामाचा असतो.

हे मी रोज ऑफिसात पाळतो. घरी आल्यावर आत्याला काय म्हणालो, ते तुम्ही ऐकलंत.

मुंबईतला ऑपेरा हाउसचा प्रकार आठवा. मार्च १९८७. एका माणसानं पेपरात जाहिरात देऊन पदवीधर पोरांच्या मुलाखती ताज हॉटेलात घेतल्या, सव्वीस जणांना अधिकारी म्हणून निवडलं आणि १९ तारखेला सीबीआयचा छापा म्हणून त्यांना त्रिभुवनदास भीमजी झवेरींच्या पेढीत नेलं. दागिने 'पुरावा' म्हणून सील करून घेतले आणि गायब झाला. आजवर सापडला नाही. शिकलेले पदवीधर फसले, कसलेले सराफ फसले. त्यावर सिनेमा निघाला, आपण शिट्ट्या मारल्या. माझ्या आत्याबरोबर अगदी तेच झालं. खोटा पोलीस, खोटा नियम, खरे दागिने. मग तीच तेवढी बावळट कशी?

महिनाभरानं मी आत्याची माफी मागितली. ती म्हणाली, "अरे, बोरमाळ आईची होती, तिचं वाईट वाटतंच. पण मी चार दिवस गप्प का बसले माहितीय? तुम्ही काय म्हणाल ते मला आधीच ऐकू येत होतं."

तर मंडळी, शोभराजच्या गोष्टीतून मला मिळालं ते एवढंच. घरात कुणी फसलं तर पहिलं वाक्य असू द्या, "बरं झालं सांगितलंस." दुसरं, "किती वाजता झालं?" मग कागद घ्या. वेळ, जागा, गाडीचा रंग, ते काय बोलले, सगळं लिहा. आसपासच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी मागा, ते टिकत नाही. रस्त्यावर घडलं असेल तर ११२. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३०, आणि तेही पहिल्या तासातच. घटना दुसऱ्या हद्दीत घडली म्हणून घाबरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्दीचा विचार न करता गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. आणि कुणी रस्त्यात पोलीस म्हणून दागिने काढायला सांगितलं, तर काढायचे नाहीत. खरे पोलीस तुमचं सोनं कागदात बांधून देत बसत नाहीत.

आत्यानं परवानगी दिली म्हणून हे सगळं सांगितलं. आता ती भिशीच्या बायकांना स्वतः सांगते, त्या तिसऱ्या माणसाची नक्कलसुद्धा करून दाखवते. गेल्या महिन्यात त्यातल्या एकीला असेच दोघं भेटले. ती सरळ समोरच्या किराणा दुकानात शिरली आणि तिथूनच फोन लावला. ते दोघं निघून गेले.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.